एकशे दहा पावसाळ्यांतून एकदा : परळच्या एका बेसमेंटचं मार्कोव्ह मॉडेल

सोसायटीच्या ऑफिसात चहाचे कप, तिसऱ्या पंपाचं कोटेशन आणि माझा दोन पानी हिशेब, तिन्ही एकाच टेबलावर होते. सेक्रेटरींनी चष्मा कपाळावरून खाली ओढला आणि माझ्या कागदाची शेवटची ओळ मोठ्यानं वाचली : "दोन्ही पंप एकाच वेळी बंद पडण्याची घटना सरासरी ११० पावसाळ्यांतून एकदा." मग कागद खाली ठेवून म्हणाले, "साहेब, गेल्या चार पावसाळ्यांत दोनदा पाणी भरलंय खाली. म्हणजे आता उरलेली वर्षं निवांत झोपायचं का?"

खजिनदार बाई हसल्या नाहीत. दोन्ही वेळा त्यांची गाडी खालीच होती.

दिवसा मी रसायन कारखान्यांच्या सुरक्षा-यंत्रणा किती भरवशाच्या आहेत ते मोजतो. या इमारतीत माझी आत्या राहते, म्हणून हे काम फुकटात गळ्यात पडलं. "तू एवढी कारखान्यांची गणितं करतोस, आमच्या पंपाचं एक करून दे की," एवढ्यावर सुरुवात झाली. ते गणित मी दोनदा चुकलो. कुठे चुकलो आणि त्यात सॉफ्टवेअरचा वाटा किती, हे लिहून ठेवावं म्हणून हा खटाटोप.

इमारत परळला, हिंदमातापासून चालत जाण्याच्या अंतरावर. हा सगळा भाग बशीसारखा सखल आहे. पालिकेनं सेंट झेवियर्स मैदानाखाली आणि दादरच्या प्रमोद महाजन उद्यानाखाली पाणी साठवायच्या मोठ्या टाक्या बांधल्या त्या याच तुंबणाऱ्या पाण्यासाठी. पण रस्ता कोरडा राहिला तरी रस्त्याखालचं बेसमेंट कोरडं राहीलच असं नाही. रॅम्पवरून पाणी येतं, भिंतीतून झिरपतं. ते कोपऱ्यातल्या संपमध्ये, म्हणजे पाणी गोळा होण्याच्या खड्ड्यात, जमतं आणि दोन सबमर्सिबल पंप ते वर फेकतात. पंपांना एक पॅनेल, पाणी चढलं की पंप सुरू करणारा एक फ्लोट, आणि लाइट गेली तर इमारतीचा डिझेल जनरेटर, म्हणजे डीजी. यंत्रणा एवढीच.

पहिला हिशेब अगदी पुस्तकी होता. सोसायटीच्या देखभाल रजिस्टरात चार पावसाळ्यांत पंपांचे ६ बिघाड नोंदले होते. जून ते सप्टेंबर १२२ दिवस, म्हणजे २,९२८ तास. दोन पंप, चार वर्षं, मिळून २३,४२४ पंप-तास. बिघाडाचा दर ताशी ०.०००२५६ आला. दुरुस्तीला सरासरी २४ तास. मग तीन गोल काढायचे : दोन्ही पंप ठीक, एक बंद, दोन्ही बंद. गोलांमध्ये बाण. पुढे नेणाऱ्या बाणांवर बिघाडाचा दर, मागे आणणाऱ्यांवर दुरुस्तीचा. मार्कोव्ह साखळी म्हणतात ती हीच. तिची एकच अट असते : पुढे काय होणार ते आत्ता कुठल्या गोलात आहात यावर ठरतं, तिथे कसे आणि कधी पोचलात यावर नाही. साखळीला मागचं काही आठवत नाही.

तीन गोल कुणीही हातानं सोडवेल. पण सवय असते म्हणून मी ते एका विकत मिळणाऱ्या पॅकेजच्या चाचणी आवृत्तीत घातले आणि पडताळणीला पायथन या प्रोग्रामिंग भाषेत चार ओळी लिहिल्या. उत्तरं जुळली नाहीत. एका पावसाळ्यात दोन्ही पंप एकदम बंद असण्याचा एकूण वेळ पॅकेज म्हणे साडेसहा मिनिटं, पायथन म्हणे तेरा. बरोब्बर दुप्पट.

फरक कुठे होता ते सापडायला एक संध्याकाळ गेली. मी पॅकेजला फक्त "दोन सारखे पंप, हा बिघाडाचा दर, हा दुरुस्तीचा" एवढं सांगितलं होतं आणि गोल त्यानं स्वतः काढले होते. ते काढताना त्यानं परस्पर ठरवलं होतं की प्रत्येक पंपाला स्वतंत्र दुरुस्ती करणारा आहे. म्हणून दोन्ही बंद असताना मागे येणाऱ्या बाणावर दुरुस्तीचा दर दुप्पट लागला होता. आमचा मेकॅनिक एकटा. तो एका वेळी एकाच पंपाला हात लावतो. हा पर्याय सेटिंगमध्ये होता, तीन खिडक्या आत. मी उघडून पाहिला नव्हता. दोष पॅकेजचा म्हणवत नाही. पण चित्र स्वतः काढलं नाही की त्यातले बाणही आपले राहत नाहीत, हे मला आधीच माहीत असायला हवं होतं. अशा कामासाठी आयईसी ६११६५ नावाचं आंतरराष्ट्रीय मानक आहे, त्याची दुसरी आवृत्ती २००६ ची. गृहीतकं लिहून काढण्यावर तिथे भर आहे, आणि मीच गिऱ्हाइकांना ते वाचायला लावतो.

गंमत म्हणजे "किती पावसाळ्यांतून एकदा" याचं उत्तर दोन्हीकडे ११० च्या आसपासच आलं. दोन्ही बंद या गोलात शिरण्याचा दर शिरण्याआधीच्या गोलावर अवलंबून असतो, तिथून बाहेर किती लवकर पडता यावर नाही. ते जुळलं आणि मी निर्धास्त झालो. तोच कागद घेऊन सभेला गेलो. पुढचं वर सांगितलंच आहे.

सभेनंतर आत्या म्हणाली, "अरे, रजिस्टर काय बघतोस? वॉचमन मामांची वही बघ." वॉचमन मामा पंधरा वर्षं या गेटवर आहेत. त्यांची शंभर पानी वही सोसायटीच्या रजिस्टरसारखी नीटनेटकी नाही. त्यात कुरिअर, पाहुण्यांच्या गाड्या, पाण्याचा टँकर आणि पंप सगळं एकाच रांगेत. पण त्यात वेळ असते. एक नोंद तशीच्या तशी देतो : "रा. २.१० पंप २ आवाज करतो पाणी नाही. मेकॅनिकला फोन. बोलला गाडी बंद. पंप १ चालू ठेवला. पाऊस थांबला स. ११. मेकॅनिक आला सं. ५."

ही नोंद वाचली आणि पहिली चूक डोळ्यांसमोर उभी राहिली. आमचा मेकॅनिक टिटवाळ्याला राहतो. ज्या पावसात पंप बिघडतो त्याच पावसात कुर्ला-सायनला रुळांवर पाणी असतं. पंप बिघडणं आणि मेकॅनिक न येणं या दोन गोष्टी मी वेगवेगळ्या धरल्या होत्या आणि दोन्हींच्या मागे पाऊस एकच होता. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पडला. त्या दिवशी या शहरात कुणाचा कुठलाच दुरुस्तीचा दर शून्याहून जास्त नव्हता. मी तेव्हा घाटकोपरला एका अनोळखी माणसाच्या घरी रात्र काढली होती. मॉडेल करताना मात्र ते आठवलं नाही.

वही घेऊन बसलो. मामांच्या नोंदींवरून एका पावसाळ्यात साधारण १० झडी अशा येतात की पंप सतत चालवावे लागतात. झडीची सरासरी लांबी १२ तास. चार वर्षांत ४० झडी, ४८० तास, म्हणजे ९६० पंप-तास. रजिस्टरातल्या ६ बिघाडांपैकी ४ या ९६० तासांत झालेले, २ उरलेल्या २२,४६४ तासांत. म्हणजे झडीत २४० तासांमागे एक बिघाड आणि एरवी ११ हजार तासांमागे एक. हे दोन दर एकत्र कालवून मी ०.०००२५६ काढला होता. दुरुस्तीचंही तेच. कोरड्या दिवसांतले दोन बिघाड सात-सात तासांत निस्तरले होते, झडीतल्या चारांना सरासरी साडेबत्तीस तास लागले होते. सगळ्यांची सरासरी २४. आणि बरोब्बर २४ तासांनी दुरुस्त झालेला पंप त्या वहीत एकही नाही.

आणखी एक भानगड होती. कोरड्या दिवसांत पंप चालतच नाहीत, मग बिघडलेला कळणार कसा? ते दोन बिघाड योगायोगानं सापडले होते, एक तर संप साफ करताना. एरवी पुढची झड येईपर्यंत मेलेला पंप जिवंत म्हणूनच गणला जातो. झडीत "बिघडला" असं लिहिलेल्यांपैकी एखादा आठवडाभर आधीच गेलेला असेल, वहीला ते समजत नाही. म्हणून प्रत्येक पंपाच्या दोनऐवजी तीन अवस्था केल्या : ठीक, गुपचूप बिघडलेला, बिघडल्याचं कळलेला. आणि सगळ्यांच्या वर एक हवामानाची अवस्था : झड आहे, झड नाही.

इथे टूल बदलावं लागलं, आणि टूल निवडण्यावर थोडं थांबतो, कारण नवीन माणूस इथेच पैसे घालवतो.

विश्वासार्हतेच्या मार्कोव्ह मॉडेलसाठी दोन घराण्यांची टूल्स मिळतात. एका घराण्यात गोल आणि बाण माउसनं काढायचे. आयसोग्राफचं रिलायबिलिटी वर्कबेंच, आयटेम टूलकिट, रिलायसॉफ्टचं ब्लॉकसिम, फ्रेंच ग्रिफ ही त्यातली नावं. गिऱ्हाइकाला दाखवायला चित्र झकास येतं, अहवाल छापून मिळतो, आणि दहा-पंधरा गोलांपर्यंत यासारखं सुख नाही. दुसऱ्या घराण्यात मॉडेल लिहायचं. या घराण्याचं मूळ विमानांच्या संगणकांत आहे. नासाच्या लँगली केंद्रात शुअर नावाचा प्रोग्राम झाला, तो नेमकं उत्तर न देता वरची आणि खालची मर्यादा देतो आणि यंत्रणा सावरण्याच्या वेळेची फक्त सरासरी आणि विचलन मागतो. ड्यूक विद्यापीठात रॉबिन साहनर आणि किशोर त्रिवेदी यांनी शार्प केलं. हे त्रिवेदी १९६८ चे आयआयटी मुंबईचे बी.टेक. पवईहून परळला बसनं यायला लागतो त्याहून कमी वेळात त्यांच्या टूलमध्ये माझं मॉडेल बसलं असतं. शार्पची खासियत थरांची : खालच्या थराला छोटी साखळी सोडवायची आणि तिचं उत्तर वरच्या फॉल्ट ट्रीमध्ये, म्हणजे बिघाडाची कारणं फांद्यांसारखी मांडणाऱ्या आकृतीत, घालायचं. तिसरं नाव प्रिझम, बर्मिंगहॅम आणि ऑक्सफर्डचं, फुकट. आखेनचं स्टॉर्म त्याच भाषेतली मॉडेलं वाचतं. ही दोन मुळात विश्वासार्हतेवाल्यांची नाहीत, संगणकाचे प्रोग्राम तपासणाऱ्यांची आहेत. म्हणून "सरासरी बिघाड-अंतर" असं बटण तिथे शोधू नये.

शार्पचे थर मला मोहात पाडत होते. पण थर पाडायचे तर खालचे तुकडे एकमेकांपासून सुटे हवेत. इथे पाऊस सगळ्यांच्या अंगात भिनलेला. पंपाचा दर पावसावर, मेकॅनिक पावसावर, लाइटही पावसावर. म्हणून प्रिझम घेतलं. त्यात प्रत्येक तुकडा वेगळा लिहायचा आणि प्रत्येक बाणाला अट लावायची. "झड चालू नसेल तरच दुरुस्ती" ही माझ्या सगळ्या मॉडेलमधली महत्त्वाची गोष्ट तिथे एका ओळीत लिहून झाली. माउसवाल्या टूलमध्ये तीच गोष्ट सांगायला प्रत्येक गोल दोनदा काढावा लागतो. बाण अमुक ठिकाणी नाही हे चित्रात कुणाच्या लक्षात येत नाही. लिहिलेली अट मात्र तपासणाऱ्याच्या नजरेत भरते.

एक अडचण जवळजवळ सगळ्याच टूल्समध्ये येते. साखळीतल्या बाणांवर ताशी दर असतो, पण काही बिघाड तासांवर होत नाहीत, मागणीच्या क्षणी होतात. डीजीला सुरू हो म्हटलं आणि झाला नाही, हा त्यातला. त्यासाठी बाण फोडायचा : लाइट जाण्याच्या दराचा एक हिस्सा "डीजी लागला" या गोलाकडे, उरलेला "नाही लागला"कडे. पेट्री नेट नावाच्या वेगळ्या प्रकारच्या आकृत्या वापरणाऱ्या टूल्समध्ये तत्क्षणी होणारं संक्रमण आयतं मिळतं, तिथे फोडाफोड करावी लागत नाही.

आता आकडे. हातानंही पडताळता येतात, म्हणून सांगतो. दोन्ही पंप ठीक असताना झड लागली, तर झड संपायच्या आत एक बिघडण्याची शक्यता ११ त १, आणि उरलेलाही बिघडण्याची २१ त १. गुणाकार २३१ त १. कोरड्या दिवसांत गुपचूप बिघडून बसलेला पंप झडीच्या सुरुवातीला सापडण्याची शक्यता प्रत्येकी अडीच टक्के. तेही धरलं की एका झडीत दोन्ही बंद पडण्याची शक्यता ०.००७१ आणि दहा झडींच्या पावसाळ्यात ०.०७१. टूलचं उत्तर याहून किंचित वर आलं, कारण एक झड ओसरून मेकॅनिक पोचायच्या आत दुसरी लागण्याची शक्यता ते धरतं. हातच्या हिशेबात मी ती सोडली होती.

म्हणजे चौदा पावसाळ्यांतून एकदा. ११० वरून १४. पंप तेच, बिघाड तेच, नोंदीही त्याच. फक्त पाऊस आत घेतला.

आडवाटेची एक गोष्ट. झडीची लांबी मी घातांकी धरली, म्हणजे झड कितीही वेळ चालू असो, पुढच्या तासात ती थांबण्याची शक्यता तेवढीच, कारण साखळीला तेच आवडतं. त्यात सरासरी १२ तास असली तरी काही झडी दीड-दोन दिवसांच्या निघतात आणि बहुतेक दुहेरी बिघाड त्या लांबलेल्या झडींतच होतात. प्रत्येक झड बरोब्बर १२ तासांची धरली असती तर २३१ त १ ऐवजी ४२० त १ आलं असतं. मधला मार्ग म्हणजे झडीचे चार-चार तासांचे तीन टप्पे करायचे, एकामागून एक. साखळी साखळीच राहते आणि झडीला थोडंफार वय येतं. त्यानं ३२५ च्या जवळपास १ आलं. मी घातांकीच ठेवली, कारण मामांच्या वहीत तीन तासांची झड आहे तशी पावणेदोन दिवसांचीही आहे. मुंबईच्या पावसाला शिस्त लावून मॉडेल सुंदर करण्यात अर्थ नव्हता.

तर १४ घेऊन मी खूश होऊन खाली गेलो. चार वर्षांत दोनदा आणि चौदा वर्षांतून एकदा यांत अजून अंतर होतं, पण नशीब म्हणून खपवता येईल इतपतच, असं मी स्वतःला समजावलं होतं. मामांना सहज विचारलं, "त्या दोन वेळा दोन्ही पंप किती वेळ बंद होते हो?"

मामा म्हणाले, "पंप कुठे बिघडले होते? पंप चांगले होते दोन्ही वेळी."

पहिल्या वेळी फ्लोटला प्लास्टिकची पिशवी गुंडाळली गेली होती. पाणी वर आलं, फ्लोट खालीच राहिला, पंपांना कुणी सांगितलंच नाही. मामा तेव्हा गेटवरचं पाणी बघत होते, खाली उतरले तेव्हा गाड्यांची चाकं बुडाली होती. दुसऱ्या वेळी पाणी साचल्यामुळे सावधगिरी म्हणून लाइट बंद केली गेली, डीजी सुरू झाला, पण भार डीजीवर टाकणारा स्विच, म्हणजे चेंजओव्हर, पडलाच नाही. डीजी धडधडतोय आणि पंप गप्प. वायरमन दोन तासांनी आला.

दुसरी चूक ही, आणि पहिलीपेक्षा मोठी. मी पंपांचं मॉडेल केलं कारण टेबलावर पंपाचं कोटेशन होतं. दोन आठवडे मी गोल वाढवले, टूल बदललं, झडीचे टप्पे पाडले, आणि ज्या दोन गोष्टींनी खरंच पाणी भरलं त्यांतली एकही माझ्या मॉडेलमध्ये नव्हती. कुठलंही टूल हे सांगू शकलं नसतं. प्रिझम अडकलेली अवस्था दाखवतं. न लिहिलेला फ्लोट ते कुठून दाखवणार?

फ्लोट, लाइट आणि डीजी हे तीन तुकडे घातले. दोन अवस्थांचं हवामान, सारखे असल्यामुळे पंपांच्या जोडीच्या सहा अवस्था, आणि हे तीन प्रत्येकी दोन, मिळून ९६. लिहिलेलं मॉडेल दीड पानाचं. सोडवायला डोळ्याची पापणी लवते तितका वेळ. दरांमध्ये हजारपट तफावत असली की साखळीचं गणित नाजूक होतं असं शिकवतात, पण १९५३ साली जेन्सन या गणितज्ञांनी सांगितलेली, साखळी सोडवायची युनिफॉर्मायझेशनची पद्धत ही टूल्स वापरतात आणि ९६ अवस्थांना तिला काही पडलेलं नसतं.

वहीतल्या नोंदी : ४० झडींत फ्लोट एकदा अडकला. ४० पैकी ८ झडींत लाइट गेली आणि त्या ८ पैकी एकदा डीजीवर भार गेला नाही. म्हणजे प्रत्येक झडीमागे दोन्हींची शक्यता ४० त १. पावसाळ्याला फ्लोटचे ०.२५, डीजीचे ०.२५ आणि पंपांचे ०.०७. एकूण ०.५७. चार वर्षांत अपेक्षित पूर २.३, झाले २.

जुळलं म्हणून टाळी वाजवू नये. ज्या दोन घटनांतून दर काढले त्याच दोन घटना मॉडेलनं परत दिल्या, हा हिशेब आहे, भाकीत नव्हे. शिवाय आठातून एक म्हणजे साडेबारा टक्के खरं, पण एवढ्या थोड्या नोंदींवर पंचाण्णव टक्के खात्रीचा पल्ला ०.३ पासून ५३ टक्क्यांपर्यंत पसरतो. मी हे कागदावर ठळक लिहिलं. कारखान्यात हा परिच्छेद बहुतेक जण उलटून पुढे जातात, सोसायटीत खजिनदार बाईंनी बोट ठेवून विचारलं, "मग याचा उपयोग काय?" उपयोग तुलनेचा. पल्ला कितीही पसरट असला तरी पैसे कुठे घातल्यानं काय हलतं ते दिसतं.

दुसऱ्या सभेला तीच तुलना घेऊन गेलो. तिसरा पंप घेतला तर पंपांचा वाटा ०.०७१ वरून ०.००९ वर येतो, म्हणजे पंपवाला खोटं बोलत नव्हता. पण एकूण ०.५७ चे ०.५१ होतात. अडकलेल्या फ्लोटखाली दोन पंप गप्प बसतात तसे तीनही बसतील. दुसरा फ्लोट लावला तर? दोन्ही पूर्ण सुटे असतील तर फ्लोटचा वाटा जवळजवळ नाहीसा होतो. पण एकाच संपमधले दोन फ्लोट सुटे नसतात, एकच पिशवी दोघांना गुंडाळू शकते. म्हणून दुसरा फ्लोट नकोच, इलेक्ट्रोडवाला सेन्सर घ्या म्हटलं, टाक्यांना असतो तसा, वेगळ्या कोपऱ्यात. तरीही दहातला एक बिघाड दोघांना एकदम गाठेल असं धरलं. ०.२५ चे ०.०३ झाले. डीजीची दर महिन्याला चाचणी होत होती, पण भार न देता. इंजिन सुरू होतं, सगळे मान हलवतात, इंजिन बंद. चेंजओव्हर त्यात कधी तपासलाच जात नव्हता. दर पंधरा दिवसांनी मेन स्विच पाडून, पंप आणि लिफ्ट डीजीवर घेऊन बघा म्हटलं. त्यानं अपयश निम्मं होईल हा आकडा माझा अंदाज, आणि तसंच लिहिलं. शिवाय दर रविवारी संपमध्ये पाइप सोडून दोन्ही पंप पाच मिनिटं चालवायचे. सगळं मिळून ०.२ च्या आसपास, पाच पावसाळ्यांतून एकदा. त्यावर तिसरा पंप घेतला तर सहा पावसाळ्यांतून एकदा.

"०.५७ म्हणजे सत्तावन्न टक्के ना?" सेक्रेटरींनी विचारलं. नाही. ते अपेक्षित पुरांची संख्या, एकाच पावसाळ्यात दोनदाही भरू शकतं. निदान एकदा भरण्याची शक्यता ४३ टक्के. बदल केल्यावर साधारण १८. टूल दोन्ही आकडे देतं, पुराला परत न येण्याची अवस्था केली की दुसरा मिळतो. मी पहिल्या कागदावर एकच दिला होता.

"अठरा टक्के म्हणजे अजून खूप आहे हो," खजिनदार बाई म्हणाल्या. खरंच आहे. त्यांनी त्या पावसाळ्यापासून झडीचा अंदाज असला की गाडी पुलावर नेऊन लावायची ठरवलं. माझ्या कुठल्याही मॉडेलमध्ये हा उपाय नव्हता.

तिसऱ्या पंपाचं कोटेशन लाखाच्या घरातलं होतं, ते फाइलला लावलं. सेन्सर आणि पॅनेलमधला बदल काही हजारांत झाला. डीजीच्या पहिल्याच भाराच्या चाचणीत चेंजओव्हर पडला नाही. त्यातला काँटॅक्टर, म्हणजे वीज जोडणारा-तोडणारा भाग, चिकटला होता. आठात एक हा दर बहुधा मी कमीच धरला होता.

वॉचमन मामांना मी दोन नवे रकाने आखून दिले : मेकॅनिक निघाला, मेकॅनिक पोचला. त्यांना ते पटलं नाही, "फोन केला एवढं पुरे ना?" म्हणाले, पण आखून घेतले. जुलैतल्या झडीची पहिली नोंद मी गेल्या रविवारी पाहिली : "प. ३.५० पंप १ बंद. पंप २ चालू. खाली पाणी नाही. मेकॅनिक निघाला ४.४०, कुर्ल्याला अडकला." आणि 'पोचला'च्या रकान्यात नुसती आडवी रेघ.